शेळी नसलेलं घर

"सोड ती आधी. माझ्या दारात शेळी नको."

हातोडी हे तिला वस्तीनं दिलेलं नाव. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं, तरी शेजारीण ऐकेना. तिनं दोरी दाराच्या कडीत ओवलीसुद्धा होती. वस्तीतली ही एकुलती एक शेळी, काळी, पुढच्या एका पायावर पांढरा पट्टा. सकाळपासून ती चार दारांत उभी राहून चार फोटोंत गेली होती आणि आता वैतागून स्वतःचीच दोरी चघळत होती. शेजारणीला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तिला बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं. रेडिओचं म्हणणं असं, की पाहणीवाला वळणावर आलाय, पाच मिनिटं शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायला काय जातं, सगळ्यांनी केलं तेच करायचं, तू काय आभाळातून पडलीस का.

हातोडी जेवणाच्या सुट्टीत खाणीतून तशीच पळत आली होती. केसांवर, पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी. तिनं गाठ सोडली, दोरी रेडिओच्या हातात कोंबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हळू बोल. सून झोपलीय."

भर दुपारी झोपलेली सून. आजारी नाही, रुसलेली नाही, नुसती झोपलेली. त्या वस्तीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी एका योजनेतून वस्तीतल्या प्रत्येक घराला थेट पैसे मिळाले होते. मध्ये कुणी नाही, कसली अट नाही. घरातल्या बाईच्या नावावर निम्मी रक्कम, उरलेली निम्मी सहा महिन्यांनी. त्याआधी कैक वर्षं वस्तूच यायच्या. पंख्याखाली बसलेल्या शहाण्यांनी ठरवायचं, या लोकांना काय हवंय ते. एका वर्षी शेळ्या आल्या. चारा कुठून आणायचा, हे काही शेळीबरोबर आलं नाही. शेळ्या मेल्या, आणि कानातला बिल्ला दाखवा नाहीतर यादीतून नाव उडवू, असं सांगत माणसं वर्षभर हिंडली. मेलेल्या शेळीचा कान सुकवून जपून ठेवणारी घरं होती त्या वस्तीत. पुढच्या वर्षी घरटी एक शिलाई मशीन. चाळीस घरं, चाळीस मशिनी. सगळेच शिंपी झाल्यावर कपडे शिवायला टाकणार कोण, हे विचारायला कुणी फिरकलं नाही.

पैसे आले तेव्हा मात्र कुणाला काही शिकवावं लागलं नाही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं मोतीबिंदू काढून घेतला आणि तीन वर्षांनी पुन्हा टोपल्या विणायला बसला. दोघा भावांनी मिळून पाणी उपसायचं इंजिन घेतलं. एकीनं मुलीला शहरात वसतिगृहात ठेवलं. एकानं नुसतं न्हाणीला दार बसवलं, आणि त्याची बायको लग्नानंतर पहिल्यांदा आतून कडी लावून अंघोळ करू लागली. ज्याला जे टोचत होतं, त्यानं ते काढलं.

मग दुसऱ्याच माणसाला टोचायला लागलं. खाणीच्या मुकादमानं वर तक्रार केली, की फुकटचा पैसा यांच्या अंगात आलाय, बायका कामावर यायला मागत नाहीत. खरं होतं ते एवढंच, की सात-आठ बायका आता त्यानं सांगितलेल्या मजुरीला नाही म्हणू शकत होत्या. पैसेवाला नाही म्हणाला तर तो विचार करून सांगतो, गरीब नाही म्हणाला तर तो माजला. तक्रार वर गेली आणि वरून पाहणी खाली आली. ज्यांनी पैशाचा योग्य वापर केला नसेल, त्यांचा दुसरा हप्ता बंद. पुढच्या दारानं हाकललेली अट मागच्या दारानं आत येऊन बसली. आणि पाहणी म्हटलं की वस्तीला एकच गोष्ट ठाऊक होती. शेळी दाखवायची.

हातोडीला तो दुसरा हप्ता हवाच होता. कशासाठी, ते समजायला खाण समजली पाहिजे. खाणीत खडी मोजायला प्रत्येक घराला एक लाकडी चौकट नेमून दिलेली असते. ती संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरायची. बोटभर उणी राहिली तर दिवस फुकट. एका माणसाच्यानं ती भरत नाही, चार हात लागतात. आठ दिवस भरली नाही, की ती दुसऱ्या घराला देतात आणि तुमची जागा गेली. जागा राखायची असेल तर घरी बसणाऱ्यानं आपल्या पैशानं बदली द्यायची. एकतीस वर्षं त्या खाणीत दगड फोडून आपलं खरं नाव वस्तीला विसरायला लावणाऱ्या हातोडीनं, पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सात महिन्यांची पोटुशी असलेल्या सुनेच्या हातातून हातोडा काढून घेतला. तिच्या जागी बदली म्हणून घातलं ते रेडिओला. रेडिओची चौकट गेल्याच वर्षी गेली होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई हे काय चाललंय, असं त्यानं विचारून पाहिलं होतं. तुला नाही कळायचं, एवढं उत्तर त्याला पुरे झालं.

आता बाळ तीन महिन्यांचं होत आलं होतं आणि पहिला हप्ता संपत आला होता. दुसरा आला, तर सून आणखी सहा महिने खाणीचं तोंड बघणार नव्हती. नाही आला, तर पुढच्या महिन्यात बाळाला टोपलीत घालून खाणीत.

पाहणीवाला आला तो घामानं निथळत. तरुण होता, शर्टाच्या खिशाला ओळखपत्र, हातात मोबाइल. दारातली शेळी बघून तो थांबला.

"मावशी, या बाईंना मी आज पाचव्यांदा भेटतोय," तो शेळीकडे बोट दाखवून म्हणाला. "आता आम्ही एकमेकांना ओळखतो."

रेडिओनं तोंड उघडलं, पण हातोडीनं तिच्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा तिचं बटण कुणाला तरी सापडलं. रेडिओ शेळीला ओढत निघून गेली. चुकलं असेल तर तिचं एवढंच चुकलं होतं, की तिला शेजारणीचा हप्ता वाचवायचा होता आणि स्वतःची रोजीही.

पाहणीवाला उंबऱ्यापाशी बसला. मोबाइलवर त्याच्याकडे रकाने होते. जनावर, अवजार, दुकान, बियाणं, घरदुरुस्ती, शिक्षण. तो एकेक वाचत गेला आणि हातोडी एकेकाला नाही म्हणत गेली. मग पैशाचं केलं काय, असं त्यानं विचारलं.

"सुनेला झोपवलं."

"आजारी आहे का?"

"धडधाकट आहे. म्हणून तर झोपवलं. आजारी पडल्यावर काय, सगळेच झोपतात."

त्यानं कपाळ पुसलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्यानं हळूच समजावून सांगितलं, की असला रकानाच नाही यात. काही न निवडता पुढे गेलो तर घर आपोआप निष्क्रिय म्हणून नोंदलं जातं आणि हप्ता अडकतो. मी जनावर टाकतो, तो म्हणाला. चार घरांना टाकलंय, पाचवं टाकलं तर माझं काही बिघडत नाही. त्या शेळीला परत बोलवा, एक फोटो घेतो, तुमचं काम झालं, माझंही झालं.

खाणीचा भोंगा वाजला. सुट्टी संपली होती. हातोडी जागची हलली नाही.

"साहेब, वर बसलेली माणसं तुमचं हे वाचतात ना?"

वाचतात, तो म्हणाला. वाचून पुढचं ठरवतात.

"मग ती काय वाचतील? पाच घरांत शेळ्या आल्या, पाच घरं सुखी झाली. पुढच्या वर्षी म्हणतील, यांना पैसे कशाला, शेळ्याच देऊ या. पुन्हा शेळ्या येतील, पुन्हा मरतील, पुन्हा आम्ही कान सुकवत बसू. आज तू माझं भलं करशील आणि उद्या सगळ्या वस्तीला बुडवशील."

साहेब कधी गळून पडलं आणि तू कधी आलं, हे दोघांनाही कळलं नाही. पाहणीवाल्यानं मोबाइलवरचे रकाने पुन्हा एकदा वरखाली करून पाहिले. मग म्हणाला, की पण घरी झोपणं हा वापर कसा होतो, हे मी वरच्यांना कसं सांगू. त्यांना काहीतरी उभं राहिलेलं दिसावं लागतं.

हातोडीला चार बाळंतपणं झाली होती. एकाही वेळी बदली द्यायला पैसे नव्हते, आणि एकाही वेळी ती दहाव्या दिवसापर्यंत घरी राहिली नव्हती. हे सांगताना तिनं आवाज चढवला नाही. आत माणूस झोपलेलं होतं.

"माझं तिसरं मूल, मुलगी होती. नवव्या दिवशी माझ्याबरोबर खाणीत आली. पोत्याच्या सावलीला ठेवायची मी तिला. दिवसभर भुकटी उडायची, खोकायची ती. चाळिसाव्या दिवशी दुपारी खोकायची थांबली. मला कळलं थांबली ते. चौकट भरायला चार टोपल्या उरल्या होत्या. मुकादम शेजारी उभा होता. मी चार टोपल्या भरल्या, मग तिला उचललं."

पाहणीवाल्यानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"त्याला म्हणतात निष्क्रिय नसणं," हातोडी म्हणाली. "तसली मी फार होते. मुकादमाच्या वहीत माझ्यासारखी कामसू बाई सापडायची नाही त्यांना. आता लिही."

त्यानं पिशवीतून कोरा कागद काढला. रकान्यात नाही बसत, पण जोडपत्र म्हणून कागदाचा फोटो लावता येईल, असं म्हणाला. वर कुणी उघडेल की नाही, सांगता येत नाही. तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. एका ठिकाणी त्यानं विश्रांती असा शब्द घातला, तो तिनं खोडायला लावला. झोप लिही, म्हणाली, झोपच म्हणतात तिला. लिहून झाल्यावर वाचायला सांगितलं. तो पुटपुटल्यासारखा वाचू लागला.

"या घरानं पैशातून सुनेला झोप दिली. तिच्या जागी शेजारणीला काम मिळालं. बाळ जिवंत आहे."

तिनं खाली सही केली. सही करायला तिला वेळ लागला, कारण स्वतःचं नाव लिहायची वेळ तिच्यावर क्वचितच यायची.

हप्त्याचं काही सांगता येणार नाही, पाहणीवाला उठता उठता म्हणाला. बहुतेक थांबवतील.

"थांबवू देत. मी पहाटे चारला जाऊन बसेन. बदलीला द्यायला नसलं, तर बदलीच्या टोपल्या मीच भरीन. ती उठणार नाही."

एकटीच्यानं चौकट भरत नाही, हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यालाही एव्हाना ठाऊक झालं होतं.

फोटोशिवाय मोबाइलवरचं पान पुढे सरकत नव्हतं. त्यानं मोबाइल उचलला आणि उघड्या दारातून आत धरला. आत खाटेवर सून कुशीवर झोपली होती, तोंड थोडं उघडं, एक हात बाळाच्या पोटावर. हातोडी मध्ये आली. तिनं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"झोपलेल्या बाईचा फोटो काढत नसतात."

"मग कशाचा काढू?"

"दिसतंय त्याचा काढ."

त्यानं काढला. शेळी नाही, इंजिन नाही, मशीन नाही. लोटलेलं दार आलं, आणि त्याच्या फळीवर टेकलेला एक पंजा. त्याच्या दोन बोटांना नखं नव्हती.