चाचणीचा पत्ता

‘एडिटर जोडला. आता रिपॉझिटरी वाचायची परवानगी देता का?’

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ओळ उमटली आणि तिच्या शेवटी ठिपका लुकलुकत राहिला. ताईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. काच स्वच्छच होती.

“झालं का हो ताई?” ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमनी दारातूनच विचारलं. सकाळपासून त्यांची ही कितवी तरी फेरी होती. दुपारी वरचे लोक बघायला येणार होते.

“एकेक दार उघडतेय. पाहुणा नवा आहे, आल्याआल्या सगळ्या घराच्या किल्ल्या कशा देऊ त्याला?”

मॅडम हसल्या, पण हसताना नजर घड्याळावर होती.

रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममागची ही खोली. पुढच्या दालनात फोन वाजत, ऑपरेटर पत्ता टाइप करत. कुठली गाडी जवळ आहे, ती कुठल्या रस्त्याने जाईल, हे ठरवणारा प्रोग्रॅम या मागच्या खोलीत सांभाळला जाई. सांभाळणारे दोघंच, ताई आणि मास्तर. मास्तर काही शिकवत नसत. समोरच्याकडून सगळं मोठ्याने वाचून घ्यायची त्यांना खोड, म्हणून ते मास्तर. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हापासून ते घरी, खाटेवर.

त्यांच्या जागी माणूस मिळणार नाही, असं वरून कळलं होतं. माणसाऐवजी आला तो हा एआय मदतनीस. टर्मिनलमध्ये, त्या काळ्या खिडकीत राहणारा, साध्या भाषेत विचारलं की साध्या भाषेत सांगणारा. नुसता तिथे बसून तो फारसा कामाचा नव्हता. त्याला कोड लिहायच्या एडिटरशी, प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या रिपॉझिटरीशी, चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेशी आणि सरतेशेवटी तयार बदल लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष चालू यंत्रणेत, सोडणाऱ्या टूलशी जोडून द्यायचं होतं. आधीच्या जोडण्यांचं ताईंना काही वाटत नव्हतं. शेवटची जोडणी मात्र त्या सकाळपासून पुढे ढकलत होत्या. इथून चुकीचं काही बाहेर गेलं तर पुढच्या दालनात ते कुणाला कळणार नव्हतं. कळलं असतं ते गाडीची वाट बघत दारात उभ्या असलेल्या माणसाला.

म्हणूनच या खोलीची एक रीत होती. बदल कितीही लहान असो, तो लाइव्ह सोडण्याआधी ज्याने केला त्याने दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. मास्तर खिडकीबाहेर बघत ऐकायचे आणि पटलं की एवढंच म्हणायचे, “ऐकलं.” त्या शब्दाशिवाय काही बाहेर जात नसे. पाहुण्यासाठी नियम लिहून द्यायचे होते, तेव्हा ताईंनी पहिली ओळ हीच लिहिली होती: दुसऱ्या माणसाने ‘ऐकलं’ म्हटल्याशिवाय काहीही लाइव्ह सोडायचं नाही. मॅडमनी ती वाचून विचारलं होतं, “आणि हा दुसरा माणूस आणायचा कुठून?” ताईंनी ओळ खोडली नव्हती.

त्यांनी परवानगी दिली. पाहुणा रिपॉझिटरी वाचू लागला.

आज हाताला धीरच नव्हता, त्याला आणखीही एक कारण होतं. सकाळी मास्तरांच्या घरून वहिनींचा फोन आला होता. रात्रभर खोकला, छातीत घरघर. डॉक्टर येऊन गेले. श्वास लागला तर वेळ न घालवता गाडी बोलवा, असं सांगून गेले. “बोलवीन हो,” वहिनी म्हणाल्या, “पण…” आणि पुढे औषधांचंच बोलत राहिल्या. तो ‘पण’ ताईंच्या डोक्यात कुसळासारखा अडकून बसला होता.

गेल्या रविवारी त्या मास्तरांना बघून आल्या होत्या. मास्तरांचा डावा हात सारखा उचलला जात होता, बोट उघड्या दाराकडे. “बाहेर जायचं असतं त्यांना,” वहिनी म्हणाल्या होत्या. “घरी आल्यापासून हेच चाललंय.” दोघींनी मिळून त्यांची चाकाची खुर्ची बाहेर नेली. बाहेर गेल्यावर मास्तर मागे वळून पुन्हा दाराकडेच बोट दाखवू लागले, चिडले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. वहिनी थकून म्हणाल्या होत्या, “आत असले की बाहेर, बाहेर असले की आत. लहान मूल बरं.”

चाचण्यांची यंत्रणाही जोडून झाली. पाहुण्याने सगळ्या चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. शेवटची जोडणी करण्याआधी लाइव्हची आणि चाचणीची मांडणी ताडून बघू का, असं त्याने विचारलं. ताईंनी हो म्हटलं. तेवढाच वेळकाढूपणा.

‘लाइव्हमध्ये चाचणीचा एक नियम राहून गेलेला दिसतो. एका पत्त्यावरून आलेला कॉल खऱ्या गाडीकडे न जाता चाचणीच्या गाडीकडे, म्हणजे फक्त प्रोग्रॅममध्येच असलेल्या गाडीकडे, जातो. ऑपरेटरला मात्र “गाडी निघाली” असं दिसतं. हा पत्ता खरा आहे का?’

खाली पत्ता होता. तो वाचायची ताईंना गरज नव्हती.

चाचणीसाठी नकाशावर सापडेल असा खरा पत्ता लागतो. अगदी सुरुवातीला मास्तर म्हणाले होते, दुसऱ्याचं कशाला, माझंच घर घाला. तेव्हापासून प्रत्येक चाचणीतला रोगी मास्तरांच्या घरी आजारी पडत आला होता. एकदा चुकून चाचणीचा कॉल लाइव्हमध्ये गेला आणि भोंगा वाजवत खरीच गाडी त्यांच्या दारात उभी राहिली. मास्तर ऑफिसात होते. गाडी बघून वहिनींनी नको तो अर्थ काढला आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नियम लिहिला: या पत्त्यावरचा कॉल म्हणजे चाचणी. मोठ्याने वाचला. वर हसत म्हणाले, “आता आमच्या घरी आजारी पडायला बंदी.”

ताईही हसल्या होत्या.

ही ओळ कुणी टाकली, असं त्यांनी पाहुण्याला विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं. त्याने इतिहास काढून दाखवला. मास्तरांचं नाव. त्याखाली, ‘ऐकलं: ताई’.

हिवाळ्यातली ती सकाळ त्यांना लख्ख आठवली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून वहिनी सांगत होत्या, की फोनवरची मुलगी म्हणाली, गाडी निघालीय. आम्ही दार उघडं टाकून उभे. गाडी काही आली नाही, शेवटी शेजाऱ्यांनी आपल्या गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचा वाचली असती. ताईंना वाटलं होतं, धुकं असेल, रस्ता बंद असेल. वहिनींनी तक्रारही केली नव्हती. आपल्याच माणसांची तक्रार काय करायची, असं म्हणाल्या होत्या. आणि चाचणीच्या कॉलची नोंद रोज आपोआप पुसली जाते, म्हणून इथेही मागे काही उरलं नव्हतं.

‘नियम काढून टाकायचा आहे का?’ पाहुण्याने विचारलं.

ताई उठल्या त्या तडक पुढच्या दालनात गेल्या. शिफ्टवरच्या ऑपरेटरसमोर त्यांनी पत्ता लिहिलेला कागद ठेवला. इथून फोन आला तर पडद्यावर काहीही दिसो, तू स्वतः वायरलेसवर गाडी सांग आणि ती दारात पोचेपर्यंत सोडू नकोस, असं बजावलं. ऑपरेटरने कागद पडद्याच्या कडेला चिकटवला. मग म्हणाली, “ताई, बसा जरा. पाणी देऊ का?”

ताई बसल्या नाहीत. परत येता येता त्यांनी वहिनींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. छातीतली घरघर, डॉक्टरांचं सांगणं, तो ‘पण’, सगळं एकदम आठवलं. मघाशीच फोन केला असेल का त्यांनी? कागद चिकटवायच्या आधी? धावत जाऊन त्यांनी लाइव्हमधली चाचणीच्या गाडीची आजची यादी उघडली. रिकामी होती. तरी जीव खाली पडेना.

मग त्या खुर्चीवर टेकल्या आणि जे हातात होतं ते करू लागल्या. पाहुण्याला नियम काढायला सांगितला, चाचण्यांतला पत्ता बदलून ऑफिसचाच घालायला सांगितला. त्याने एडिटरमध्ये दोन्ही बदल केले, चाचण्या चालवल्या. पास झाल्या. शेवटची जोडणीही ताईंनी स्वतःच्या हाताने करून दिली. सकाळपासून जिची धास्ती होती ती एका कमांडमध्ये झाली आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

‘बदलाचं कारण काय लिहू?’

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. ताईंनी त्यांना सगळं थोडक्यात सांगितलं. मॅडमनी खोलीचं दार लावून घेतलं.

“लिहा, जुनी चाचणी काढली. खोटं नाही ते.”

“अर्धं आहे.”

“ताई, सांगून आता त्यांची वाचा परत येणार आहे का? त्या बाईंनी आधीच एवढं काढलंय. ओळ काढा, विषय संपला. दुसरा माणूस हवा ना? मी आहे. वाचा, मी ऐकते.”

त्या मनापासून बोलत होत्या, हे ताईंना कळत होतं. सोपंही होतं. मॅडम ‘ऐकलं’ म्हणाल्या असत्या, बदल गेला असता आणि पुढच्या रविवारी फळं घेऊन मास्तरांकडे जाता आलं असतं. वहिनींनी चहा केला असता. मास्तरांनी पुन्हा दाराकडे बोट दाखवलं असतं.

ताईंचा हात जागीच थांबला. दाराकडे. आत असताना दाराकडे आणि बाहेर नेल्यावरही दाराकडेच. दाराच्या चौकटीवर काय असतं?

फोन वाजला. वहिनींचा होता.

“अहो, वाफ देत होते त्यांना, फोन आतच राहिला. दोनदा केलात, काय झालं?”

“कसे आहेत?”

“सकाळपेक्षा बरे आहेत म्हणायचं. श्वास जरा मोकळा झालाय.”

ताईंनी डोळे मिटले आणि उघडले. “वहिनी, फोन स्पीकरवर टाका आणि मास्तरांच्या जवळ धरा. एक बदल वाचून दाखवायचाय. तुम्हीही ऐका.”

“त्यांना? अहो, त्यांना कुठे बोलता येतंय.”

“ऐकता येतं ना.”

मॅडमनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला, अडवायला की धीर द्यायला ते त्यांनाही ठाऊक नसावं. ताईंनी पडद्यावरून वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा, सपाट ठेवला. कुठल्या फाईलमधली कुठली ओळ काढली. पत्ता, घराच्या क्रमांकासकट. ती ओळ असताना कॉल कुठे जात होता. ऑपरेटरला काय दिसत होतं. ओळ कुणी लिहिली होती, कुणी ऐकली होती. मग पाहुण्याने विचारलेलं कारण त्यांनी टाइप करता करता मोठ्याने वाचलं: “या नियमामुळे या घरी बोलावलेली गाडी निघालीच नाही.”

पलीकडून मास्तरांची घरघर ऐकू येत होती.

“म्हणजे त्या दिवशी,” वहिनी सावकाश म्हणाल्या, “आम्ही दारात उभे होतो तेव्हा…”

“हो वहिनी.”

“कोणी येतच नव्हतं.”

“नाही. मी हे आधी ओळखायला हवं होतं.”

वहिनी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, खुर्ची असावी.

“ताई, ते दाराकडे नव्हते हो दाखवत. वरच्या पाटीकडे दाखवत होते, घराच्या नंबराकडे.” त्यांचा आवाज आता बारीक झाला. “आणि मी त्यांना बाहेर नेत होते. रोज उठून बाहेर नेत होते.”

बाहेर पॅसेजमध्ये पावलं आणि अनोळखी आवाज ऐकू आले, वरचे लोक आले असावेत. मॅडम हलल्या नाहीत.

“आत्ता काय करतायत?” ताईंनी विचारलं.

“तुम्ही वाचत होतात तेव्हा वरच होता हात,” वहिनी म्हणाल्या. “आता खाली ठेवलाय. खिडकीबाहेर बघतायत.”

पडद्यावर पाहुण्याची ओळ थांबलेली होती. ‘लाइव्ह सोडण्याआधी: दुसऱ्या माणसाने ऐकलं का?’

ताईंनी ‘हो’ असं लिहिलं. त्याने नाव विचारलं. त्यांनी मास्तरांचं नाव लिहिलं, पूर्ण, जसं ताईंच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी या खोलीच्या दारावरच्या पट्टीवर होतं तसं.

बदल गेला. दारावर कुणीतरी हळूच टकटक केलं. फोनमधून मास्तरांचा श्वास ऐकू येत होता, जड, पण एका लयीत. ताईंनी फोन ठेवला नाही.