निवतीची बोट

अभिमनचं शिंदखेड्यात विहिरीवरच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान. त्याचा मित्र वना अमळनेर डेपोतून निवृत्त झालेला एसटी ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी दोघं मुडावदला तापीकाठी गळ टाकून बसत. मरळ लागली तर वाटून घेत, नाही लागली तर भाकरी खाऊन परतत.

खोल समुद्रात मासे धरायला जायचं, हे मूळ वनाच्याच डोक्यात आलं. पण तयारी केली ती अभिमनने. मालवण-तारकर्लीची गर्दी नको म्हणून त्याने वेंगुर्ल्याकडचं निवती शोधलं. तिथल्या खोबरेकर नावाच्या बोटवाल्याशी ओळख वाढवली. सुरमईला कोणता दोर लागतो, दीपगृहाच्या खडकांपाशी बोट कधी जाते, हे तो फोनवर विचारत राही. जळगावहून पनवेल, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, सगळं ठरलं होतं. समुद्रासाठी घेतलेला जाड रॉड तो दुकान बंद झाल्यावर मागच्या मोकळ्या जागेत फेकून बघायचा.

पोळ्याच्या सुमारास मुडावदला त्याला फिट आली. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पाण्याजवळ जपून राहा म्हणाले. अभिमनने ते मनावर घेतलं नाही. दिवाळीनंतर निघायचंच, असं तो बायकोला, दिपमालाला, सांगत राहिला. वनाही 'हो हो' म्हणत होता.

दिवाळी झाली. तारीख पक्की करायला अभिमनने बोटवाल्याला फोन लावला.

"भाऊ, बरं वाटतंय का आता?" खोबरेकरने विचारलं.

"मला काय झालंय?"

"तुमचे वनाभाऊ सांगत होते, तब्येत बिघडली म्हणून. मागच्याच आठवड्यात येऊन गेले ना, जावयाला आणि त्याच्या मित्रांना घेऊन. मोठी सुरमई लागली त्यांना. नशीबवान माणूस."

अभिमनने फोन ठेवला. समोर कुणाची तरी जळालेली मोटार उघडी पडली होती. ती तशीच टाकून, शटर ओढून त्याने अमळनेरची एसटी धरली.

वना ओट्यावर बसला होता. उन्हाने त्याचं नाक सोललं होतं.

"निवतीले जाई उना?" अभिमनने उभ्यानेच विचारलं.

वनाची मान खाली गेली. "तुले कोनी सांगं?"

"बोटवालानी."

"जवाईनी आयकं नई रे. मी सांगनार व्हतू तुले."

"कवय सांगनार व्हता?"

वना एकदम म्हणाला, "तू पान्यात पडना, तवय मी तुले काढं. तुले काहीच याद नई. माले शे. समुद्रमा तसं व्हयनं ते मी काय करू? माले भ्याव वाटनं, अभिमन. आनि वहिनीनीच सांगं व्हतं, काही करा पन त्यासले बोटमा बसाडू नका."

आतून चहा आला. अभिमनने कपाला हात लावला नाही. तो बस स्टँडकडे चालू लागला. वना कोपऱ्यापर्यंत मागे आला आणि तिथूनच परतला.

घरी दिपमाला भाकरी थापत होती. त्याचा चेहरा बघून ती समजली.

"मीच सांगं व्हतं," ती म्हणाली. "रागवनं व्हई ते रागवा."

"माले सांगता उनं नसतं?"

"सांगं व्हतं, जाऊ नका म्हनीसन. तुम्ही हसीसन सोडी दिधं."

तो रागावला नाही. हात धुऊन जेवायला बसला, अर्धी भाकरी ठेवून उठला. तिने पुन्हा भाकरी वाढली नाही. ती तव्यापाशीच बसून रडली आणि तो दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. तिची चूक काय, हे त्याला सांगता येत नव्हतं. वनाचंही खोटं नव्हतं. पण ज्या दोघांवर त्याचा जीव, त्यांनी मिळून त्याला आजारी ठरवलं होतं. आणि हे त्याला परक्या माणसाकडून कळावं!

मुडावदला जाणं थांबलं. खोबरेकरचे दोन-तीन फोन येऊन गेले, अभिमनने उचलले नाहीत. दुकानात तो पूर्वीसारखंच काम करी, फक्त बोलणं कमी झालं. गोळ्या मात्र वेळेवर घेऊ लागला.

उन्हाळ्यात अमळनेरला एका लग्नात वना भेटला. पंगतीत शेजारचीच जागा रिकामी होती, म्हणून दोघं एकाशेजारी एक बसले.

"तब्येत?" वनाने विचारलं.

"बरी शे."

मग वना यंदाच्या कापसाबद्दल काहीतरी बोलला. अभिमनने मान हलवली आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.