शेंडीचा नारळ आणि फिरलेला नकाशा

"नारळाला शेंडीच नाही," प्रभाकाकू मुक्ताच्या कानाशी कुरकुरल्या. "तुर्की दुकानातला, तासून गुळगुळीत केलेला. असल्या टकल्या नारळाला जमिनीतलं काय दिसणार?"

मुक्तानं हसू गिळलं. ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळाचा हॉल भरला होता आणि सगळे श्वास रोखून खाली पाहत होते. खाली खडकेवाडी पसरली होती. माणदेशातलं मुक्ताचं माहेर, उपग्रहातून टिपलेलं आणि तिच्या नवऱ्यानं, जयंतनं, ऑफिसच्या प्लॉटरवर सतरंजीएवढं छापून आणलेलं. त्यावरून भारतातून दौऱ्यावर आलेले, हातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी शोधणारे पाणाडे महाराज अनवाणी चालत होते. गावी जायची गरज नाही, भूमाता कागदातही असते, असं ते म्हणाले होते. ऑफिसात गाडीच्या ब्रेकचा सुटा भाग केसभर चुकला तरी परत पाठवणारा जयंत हात जोडून उभा होता.

मंडळानं खडकेवाडीच्या शाळेसाठी निधी जमवला होता. त्यातून शाळेत टाकी बांधून तिथंच टँकर ओतायचा की बोअर मारायचा, ते आज ठरणार होतं. टाकी ही मुक्ताची सूचना. टँकर नेमका शाळेच्या वेळेला येतो, त्यामुळे घरोघरच्या मुली हंडे घेऊन रांगेत. शाळेच्या संडासात पाणी नाही म्हणून मोठ्या मुली तशाही टिकत नाहीत. टाकी झाली तर मुली वर्गात बसतील आणि जाताना हंडा भरून नेतील. पण टाकी म्हणजे दरवर्षीची कटकट, बोअर म्हणजे एकदाच काय ते, असं बाकीच्यांचं मत होतं.

मुक्ताची भाची उर्जा आठवीत होती. फोनवर मुक्ता विचारायची, शाळा काय म्हणते? उर्जा सांगायची, बरी चाललीय. मुक्ता पुढे विचारायची नाही. आज भिंतीवरच्या पडद्यावर गावातली मंडळी हा सोहळा बघत बसली होती. त्यांत उर्जाही होती.

महाराजांच्या तळहातावर नारळ आडवा होता. "खाली दोन झरे आहेत," ते डोळे मिटून म्हणाले. "एक नर, एक मादी. संसार सुखाचा आहे. पाणी आटणार नाही."

खिडकीपाशी नारळ ताडकन उभा राहिला. पायाखाली बरोबर शाळेमागची जागा होती. टाळ्या झाल्या, माणसं चहाकडे वळली. त्या गर्दीत कुणाच्या तरी बशीतला चिवडा खडकेवाडीवर सांडला. मुक्ताच्या लेकीनं, अन्वीनं, दोन मैत्रिणींना घेऊन नकाशा उचलला, झटकला आणि पुन्हा अंथरला.

चहानंतर प्रभाकाकूंनी इंडियन शॉपमधून शेंडीचा नारळ मागवला आणि खात्री करून घ्याच म्हणाल्या. महाराज पुन्हा डोळे मिटून चालले. पुन्हा खिडकीपाशी नारळ उभा. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फाल्श हेरूम," अन्वी म्हणाली. उलटं आहे.

मुक्तानं वाकून पाहिलं. झटकून अंथरताना पोरींनी नकाशा अर्धा फिरवला होता. शाळा आता दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ गेली होती. खिडकीशी गावाबाहेरचा बोडका डोंगर आला होता. पाणी मात्र खिडकीशीच राहिलं होतं.

महाराज म्हणाले, झरे सरकतात.

"चहा होईपर्यंत?" मुक्तानं विचारलं आणि त्यांच्या हातातला नारळ घेतला. पहिल्यांदा तो तिच्या तळव्यावरून गडगडला. दुसऱ्यांदा तिनं तळवा मनगटाकडे हळूच कलवला आणि नारळ उठून उभा राहिला.

"आतलं पाणी डचमळतं," ती म्हणाली. "तळवा जरा कलला की ते एका टोकाला जातं आणि नारळ उठतो. जागा मनात धरलेली असली की हात आपसूक कलतो, कधी कधी कलवणाऱ्यालाही कळत नाही. नारळाला सापडतं ते त्याच्या पोटातलं पाणी. जमिनीतलं विचारायचं तर भूजलाचा अभ्यास केलेल्या माणसाला विचारा. आणि तो नाही म्हणाला तर ते ऐकून घ्या."

महाराजांनी चपला शोधल्या. पण हॉलमधल्यांचं मत काही बदललं नाही. श्रद्धा दुखवू नये, असं एकजण पुटपुटला. जयंतनं घसा साफ केला. आल्झो, म्हणजे असं बघा, नारळ राहू दे, पण बोअर मारून तर बघू, लागलं तर लागलं, असं तो म्हणाला.

"अहो, ब्रेकबद्दल असं म्हणता का? लागला तर लागला?"

तरी मत घेतलं तेव्हा बोअरसाठी हात वर गेले, एकामागून एक. जयंतचाही गेला. मुक्तानं पडद्याकडे पाहिलं आणि सवयीनं तोंडातून तेच निघालं, "उर्जा, शाळा काय म्हणते गं?"

उर्जानं वळून पाहिलं. मागे बसलेल्या तिच्या वडलांनी मान दुसरीकडे वळवली.

"आत्या, शाळेमागं आधीचे बोअर आहेत. नारळानंच दाखवलेले. सगळे कोरडे. वर दगड ठेवलेत, पोरं पडू नयेत म्हणून." मग ती कॅमेऱ्याजवळ आली. "आणि मी शाळेत जात नाही. दिवाळीपासून. तुला माहीत होतं ना?"