चादरीआडचा आवाज

कॉइलवाले दिवसभर जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळत आणि उरलेल्या वेळात घरच्यांना गुंडाळत. बारा वर्षं खपून त्यांनी एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घरीच बनवले होते. स्पीकरची खोकी मोडक्या कपाटाच्या फळ्यांची. एकाला तर अजून किल्लीचं भोक होतं. "कंपनीचा माल म्हणजे नुसता डबा, ह्यात जीव आहे!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

अशात मेहुण्याने बहिणीला भेट म्हणून कंपनीचा चकचकीत सेट आणला. हॉल एवढासा, त्यात दोन सेट मावणार कुठे? शेवटी ठरलं, मधे चादर बांधायची, दोघा पुरुषांनी आड उभं राहून एकच गाणं दोन्हींवर लावायचं. हरेल तो सेट माळ्यावर. निवाडा कॉइलवाल्यांच्या बायकोचा. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेली बाई, नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायची.

कॉइलवाले निर्धास्त होते. बारा वर्षं ते रोज विचारत, "कसा वाजतोय?" आणि ती रोज म्हणे, "छान."

आधी त्यांचा सेट वाजला, मग मेहुण्याचा. पलीकडून टाळीच ऐकू आली.

"दुसरा! बाई बाई, किती मोकळा आवाज! पहिला म्हणजे कढई खरवडल्यासारखा. अरे, कंपनीवाल्यांनी फसवलं रे तुला, परत देऊन ये. तुझ्या भावोजींच्या हाताला गुण आहे, म्हटलं नव्हतं मी?"

मेहुण्याने हसत चादर ओढली. तिने सेट पाहिले, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

शब्द म्हणजे शब्द. कॉइलवाल्यांनी स्वतःच शिडी लावली. ती शिडी धरायला आली. खांद्यावर स्पीकर घेऊन ते चार पायऱ्या चढले आणि तिथेच थांबले. त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"बारा वर्षं खोटं बोललीस?"

"खोटं कशाला बोलू?" ती खालून म्हणाली. "तुम्ही हातात पेचकस घेऊन समोर उभे राहायचात, माझ्या तोंडाकडे बघत. तेव्हा मला तो छानच वाटायचा हो."

कॉइलवाल्यांनी तिला शिडी नीट धरायला सांगितलं.