विहिरीची चव

टकळीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं, पण आत्याला ते फक्त रागावल्यावर आठवायचं. एरवी टकळीच. आणि त्यात चूक काहीच नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उभं केलं की हिच्या घशाला कुलूप लागायचं. यंदा वादविवादात तिने वरच्या वर्गातल्या दोन दांडगट पोरांची बोलती अशी काही बंद केली, की तेव्हापासून तोंड मिटायचं कसं हेच ती विसरून गेली. बसस्टॉपवरच्या खांबालासुद्धा ती मत विचारायची.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई-बाबा कामावर आणि टकळी आत्याकडे, हे ठरलेलं. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाला आत्याची नर्सरी होती. पुढे पत्र्याचं फाटक, मग हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे, मागे विहीर, आणि विहिरीला पाठ टेकून आत्याची दीड खोली. गावातल्या कुठल्याही खिडकीत मिरची लागलेली असू दे नाहीतर गच्चीवर टोमॅटो, त्या रोपाचं बालपण याच जाळीखाली गेलेलं असायचं.

यंदा उन्हाळा दार न वाजवताच आत शिरला होता. दुपारी समुद्रावरून जे वारं यायचं, ज्याच्या भरवशावर अख्खं गाव खिडक्या सताड उघड्या टाकून लवंडायचं, त्याचा पत्ताच नव्हता. पत्र्याच्या फाटकाला हात लावायची सोय नव्हती. समुद्र समोर नुसता चकाकत पडलेला, तापलेल्या तव्यासारखा.

"आत्या, आपण समुद्राला नोटीस पाठवू या," टकळी म्हणाली. "वारा पुरवण्यात कसूर केल्याबद्दल."

"आधी ते ट्रे सावलीत सरकव. मग वकिली कर."

पण सकाळी विहिरीपाशी मात्र टकळीलाही बोलायची बंदी होती. आत्या पंप लावायची, पहिलं पाणी वाहून जाऊ द्यायची, मग पेला धरायची. एक घोट घ्यायची, डोळे मिटून तोंडात घोळवायची, थुंकायची. आणि निकाल द्यायची, "गोडं." किंवा, "आज नको."

त्याला कारण होतं. त्या किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी वर असतं आणि समुद्राचं खाली. उन्हाळ्यात वरचं फार उपसलं की खालचं वर चढतं. आधी ते इतकं किंचित खारट असतं की तुम्हा-आम्हाला कळणारही नाही, पण कोवळ्या रोपाला तेवढंसुद्धा बाधतं. आत्याला ते कळायचं. तिच्या सासऱ्यांना कळायचं, त्यांनी तिला शिकवलं. आसपासच्या विहिरीवाल्यांनी यंत्रं आणली, मापं घेतली, आणि शेवटी पुन्हा आत्यालाच येऊन विचारलं, "बाई, तुमच्याकडे काय निघतंय?" तिच्या जिभेवर सगळ्यांची भिस्त. आणि तिला त्याची ऐट होती, का नसावी?

यंदा ती रोज म्हणत होती, "गोडं."

तरीही पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी घेवड्याच्या. टोकाला तपकिरी ठिपका, मग कडेकडेने पसरत जाणारी वाळकी किनार, आणि पान आत वळायचं, कुणी मूठ आवळावी तसं.

"ऊन," आत्या म्हणाली. "पाणी वाढव."

टकळीने वाढवलं. सकाळी जास्त, संध्याकाळी त्याहून जास्त. ट्रे उचलून उचलून तिचे हात भरून आले, पण ती मागे हटली नाही. मग झिनियाच्या फुलझाडांच्या कडा करपल्या, मग मिरचीच्या. ही सगळी रोपं गावाने आधीच सांगून ठेवलेली होती. दवाखान्याची, शाळेची, खालच्या गल्लीतल्या प्रत्येक खिडकीची. आत्याचा अख्खा उन्हाळा त्या जाळीखाली उभा होता, आणि तो डोळ्यांदेखत आवळत चालला होता.

"अजून वाढव," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता.

त्या दिवशी सकाळी टकळीने अंडी केली. तिची बडबड चालू, हात चालू, आणि बडबडीच्या नादात मीठ पडलं दोनदा. पहिला घास घेताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ताटली मागे सारणार, तोच पाहते तर आत्या निवांत खातेय. सगळं संपवलं, ताटलीसुद्धा पुसून घेतली.

"छान झालीयत," आत्या म्हणाली.

टकळीला वाटलं, केवढं प्रेम! माझ्यासाठी मिठाचा खडा चघळला बिचारीने.

दुपार कलताना बेकरीवाले काका फाटकातून आत आले. मोठ्या पोटाचे, त्याहून मोठ्या आवाजाचे. काखेत कुंडी.

"बाई, ही तुमची मिरची."

"माझी कशी? विकली म्हणजे तुमची."

"विकलीत तेव्हा हिरवी होती!"

"आणि तुम्ही भट्टीशेजारी ठेवून तिचा टोस्ट केलात."

"भट्टीशेजारी कुठली, मागच्या खिडकीत ठेवली होती. आणि पाणीसुद्धा इथलंच नेतो हो मी, कॅन भरून. तुम्हीच म्हणालात ना, नळाच्या पाण्यात औषध असतं, रोपाला विहिरीचंच घाला."

"मग तुमच्या हाताला गुण नाही," आत्या म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. काकांनी कुंडी टकळीच्या हातात दिली.

"तुझी आत्या पूर्वी एवढी तिरसट नव्हती गं," ते हळूच म्हणाले, आणि गेले.

टकळी कुंडी बघत बसली. काठावर आतल्या बाजूने एक पांढरी रेघ होती, पिठासारखी. बेकरीवाल्याकडची कुंडी, पीठच असणार. तिने बोट फिरवलं आणि सहज जिभेला लावलं.

पीठ नव्हतं.

ती तशीच उठली. विहिरीजवळच्या पाइपमध्ये सकाळचं पाणी उरलेलं होतं. ते तिने ओंजळीत घेतलं. या विहिरीचं पाणी आत्याशिवाय कुणी चाखत नसे, तशी कधी गरजच पडली नव्हती. प्यायला नळाचं असायचं. टकळीने एक घोट घेतला आणि थुंकला. किंचितबिंचित काही नाही. चांगलं खारट. कुणालाही कळेल असं. काकांना कळलं असतं, शेंबड्या पोराला कळलं असतं.

मग आत्याला का नाही?

आणि मग तिला सकाळची ती पुसून घेतलेली ताटली आठवली.

तिने आपल्या मनाशी भाषण तयार करून पाहिलं. मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा. सगळे मुद्दे बरोबर होते आणि त्यातला एकही ओठांपर्यंत येईना. गेल्या वर्षीचं ते कुलूप परत आलं होतं. सांगावं तर आत्याचं काय उरणार? न सांगावं तर रोपांचं काय उरणार? ऊन उतरलं आणि आत्या पाइप घेऊन जाळीखाली येऊन उभी राहिली.

"पंप लाव गं."

टकळीचा हात बटणावर होता.

"लाव ना! हात चिकटला का?"

"आत्या, पाणी खारट आहे."

"कोण म्हणतं?"

"मी. मी चाखलं."

"तू?" आत्या हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "परवापर्यंत मिरची कुठली नि वांगं कुठलं कळत नव्हतं, आणि आज माझ्या विहिरीला नावं ठेवायला लागलीस? चार टाळ्या पडल्या म्हणून सगळीकडेच तोंड चालवायचं नसतं. सकाळी मी चाखलंय. गोडं आहे. लाव पंप."

आणि तिने टकळीला तिच्या खऱ्या, हजेरीपटातल्या नावाने हाक मारली.

टकळीला रडू आलं. पण हात तिने बटणावरून काढून घेतला आणि पाठीमागे बांधला.

"सकाळी अंड्यांत मी दोनदा मीठ टाकलं होतं," ती म्हणाली. "मला एक घास गिळवला नाही. तू ताटली पुसलीस."

आत्याच्या हातातल्या पाइपचं तोंड हळूहळू खाली गेलं.

"पेले आण," ती म्हणाली. "एकात नळाचं, एकात विहिरीचं. कुठलं कशात, सांगू नकोस."

टकळीने आणले. आत्याने डोळे मिटले. पहिला घोट, तोंडात घोळवला, थुंकला. दुसरा. परत पहिला. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून वाढत गेल्या, हरवलेली किल्ली अंधाऱ्या खोलीत चाचपडणाऱ्या माणसाच्या वाढाव्यात तशा. मग तिने दोन्ही पेले विहिरीच्या कठड्यावर ठेवले, अगदी जपून.

"सारखंच लागतंय गं."

"कधीपासून?"

"थंडीत ताप आला होता ना मला. तेव्हापासून जेवताना कागद चावल्यासारखं वाटतं. म्हटलं, आता या वयात जिभेचे लाड कशाला. पण पाणी... पाण्याची चव जाईल असं मला वाटलंच नाही. ती काय जेवणातली चव आहे?"

टकळीने दोन्ही पेल्यांतलं पाणी ओतून टाकलं.

"आणि मी रोज तेच पाजत होते त्यांना," आत्या ट्रेंकडे बघत म्हणाली. "सुकतायत म्हणून अजून, अजून."

पण आत्या ती आत्याच. पदराने तोंड पुसलं आणि उठली. नळाला करंगळीएवढी धार आली होती. औषधाचं का होईना, खारट तर नव्हतं; ती टाकीला लावली. घेवड्याच्या ट्रेंवरून तिने हात फिरवला आणि ते बाजूला काढायला सांगितले. झिनियाही काढली. एवढ्याशा पाण्यात सगळ्यांना जगवणं शक्य नव्हतं. टोमॅटो आणि थोडी मिरची, बस. त्यांना गोडं पाणी इतकं द्यायचं की मातीतलं मीठ खाली वाहून जाईल. अंगणात बाजूला काढलेल्या ट्रेंची रांग वाढत गेली. त्यातली कित्येक रोपं अजून हिरवी होती. टकळीने एक ट्रे हळूच परत आत सरकवायचा प्रयत्न केला.

"नाही," आत्या म्हणाली. "त्याला दिलंस तर याला कुठून देशील?"

काम झाल्यावर ती म्हणाली, "काकांना सांगून ये, तो कॅन ओतून टाका म्हणावं. विहीर खारट झालीय, एवढंच सांग." मग जरा थांबून, "माझं नाही सांगायचं."

बेकरीत काका पाव मांडत होते. टकळीने निरोप दिला, आणि तिरसटपणाबद्दल माफीही मागून टाकली, ती आपल्या मनाने.

"हात्तिच्या! म्हणजे माझ्या हाताला गुण आहे तर," काका खूश झाले. मग त्यांचा हात थांबला. "पण बाई तर रोज चाखतात ना? मग त्यांना कसं नाही कळलं?"

टकळीकडे दहा उत्तरं होती. त्यातली निम्मी तरी विनोदी होती. ती बरणीतल्या बिस्किटांकडे बघत राहिली.

"यंदाचा उन्हाळाच तसा आहे, काका," ती म्हणाली आणि पळाली.

पुढचे काही दिवस विहिरीला विश्रांती होती, वर चढलेलं खारं पाणी पुन्हा खाली बसावं म्हणून. फाटकावर येणाऱ्यांना आत्या स्वतः सांगायची, यंदा रोपं मिळणार नाहीत. कुणी हळहळलं, कुणी बोल लावला. आत्याने सगळं ऐकून घेतलं. वारं आलंच नाही. टोमॅटोंना नवीन पानं फुटली, टाकीचं पाणी मात्र पुरेना, आणि मिरची दुपारी माना टाकायला लागली.

मग एका सकाळी पंपाचा आवाज आला. टकळी धावत मागे गेली. आत्या विहिरीपाशी उभी होती. पहिलं पाणी वाहून गेलं, तिने पेला धरला, भरला, सवयीने ओठांपर्यंत नेला. आणि तसाच पुढे केला.

"तू सांग."

टकळीने घोट घेतला, डोळे मिटले. त्या दिवशीसारखं खारट नव्हतं, हे नक्की. पण गोडं होतं का? जिभेच्या कडेला काहीतरी होतं, का नुसता भास होता? तिने थुंकून पुन्हा एक घोट घेतला. जाळीखालून मिरचीची कोमेजलेली पानं दिसत होती. 'हो' म्हटलं तर आत्ता, या क्षणी त्यांना पोटभर पाणी मिळेल. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. गेले कित्येक महिने तिला एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही असं झालं नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "मला नाही कळत."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हातातून पेला घेतला आणि पाणी दगडावर ओतून टाकलं.

"मग आज नको," ती म्हणाली, आणि पंप बंद करायला वळली.