पुढे ठिणगी, मागे चष्मेवाला

गावातल्या निम्म्या नाकांवर ज्याने चष्मे चढवले होते, त्या माणसाला स्वतःला दिसत नव्हतं. ही गोष्ट फक्त त्याला आणि दुसऱ्या शहरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरला ठाऊक होती. काचबिंदू. हा चोर कुलूप तोडत नाही, आवाज करत नाही. घर धुऊन नेल्यावरच कळतं की येऊन गेला. आधी कडा गेल्या, मग मधलंही विरत गेलं. आता उरले होते ते उजेड आणि सावल्या, आणि मधोमध किल्लीच्या भोकाएवढं धुकं.

दुकान मात्र झकास चालू होतं. काचा घासायचं यंत्र मुलाने केव्हाच ताब्यात घेतलं होतं. चष्मेवाला पुढे बसून गिऱ्हाइकाच्या कानामागे काड्या बसवायचा. ते काम बोटांचं. भिंतीवरची अक्षरांची पाटी त्याला पाठ होती. गिऱ्हाईक अडखळलं की तो अगदी खालची ओळ धडाधडा म्हणून दाखवायचा आणि वर ऐकवायचा, "माझ्या वयाकडे बघा जरा!" गिऱ्हाईक ओशाळून महागातली काच घ्यायचं.

लपवाछपवीचं कारण एक खुर्ची होती. त्याच्या वडिलांचीही नजर अशीच गेली होती. त्यांना घरच्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल टाकली आणि म्हटलं, तुम्ही आता काही म्हणजे काही करायचं नाही. ते त्यांनी शब्दशः पाळलं. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे. म्हातारा एकदा वैतागून म्हणाला, "अरे, डोळे गेलेत, कान नाही गेले!" त्यावर सगळे आणखी मोठ्याने हसले. म्हातारा गेला, खुर्ची राहिली. खिडकीजवळ ती अजून होती, आणि येता-जाता चष्मेवाल्याचा गुडघा तिला बरोबर लागायचा.

खुर्चीवर एकच उतारा होता, तो म्हणजे ठिणगी. तांबूस रंगाची, लांब पायांची, कुठल्याच जातीला आपली म्हणता येणार नाही अशी कुत्री. रोज पहाट उजळली की चष्मेवाला कमरेला रुंद पट्टा बांधायचा. पट्ट्याला ताणाची, रबरासारखी लांबणारी दोरी, दोरीचं दुसरं टोक ठिणगीच्या छातीपट्ट्याला. कुत्र्याने पुढून ओढायचं, माणसाने मागून धावायचं आणि तोंडाने सांगायचं: डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब. खेळ एवढाच. पण नदीकाठच्या मैदानावर या खेळाचं वेड लागलेली बरीच मंडळी जमत, आणि जोड्यांत चष्मेवाला-ठिणगीचं नाव पहिलं घेतलं जाई.

"या वयात काय पळता हो तुम्ही!" लोक म्हणत.

"मी कुठे पळतो? ती पळते. मी पडत नाही, एवढंच माझं कर्तृत्व."

हे ऐकून लोक हसत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे त्याचं त्याला माहीत. दोरी ताणलेली असली की त्याच्या पायांना रस्ता कळायचा. खड्डा आला की दोरी थरथरायची, चढ आला की जड व्हायची. वळणं त्याला पाठ होती: भट्टीचा वास आला की डावीकडे, धोब्याकडची वाफ गालाला लागली की उजवीकडे, पावलं पोकळ वाजली की लाकडी पूल. तो ओरडायचा ते केवळ सवयीने, अशी त्याची समजूत होती. रस्ता बघायला ठिणगीचे डोळे आहेत की!

मैदानावरचा त्याचा दोस्त म्हणजे बेकरीवाला. पोट पिठाच्या पोत्यासारखं आणि आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्याच्या कुत्र्याचं नाव टोस्ट. हा टोस्ट अख्ख्या मैदानाची करमणूक होता, कारण तो उलटा शिकला होता. बेकरीवाल्याने त्याला समोर उभं करून, तोंडासमोर तोंड ठेवून शिकवलं. स्वतःचा डावा हात दाखवून "डावीकडे" म्हणायचा. कुत्रं बिचारं तिकडे जायचं, म्हणजे आपल्या उजव्या अंगाला. चूक लक्षात येईपर्यंत टोस्टचं शिक्षण पक्कं झालं होतं. शेवटी कुत्र्याला सुधारण्यापेक्षा मालकच बिघडला. टोस्टला डावीकडे न्यायचं असलं की बेकरीवाला "उजवीकडे!" म्हणून गर्जना करायचा आणि दोघं सुखाने डावीकडे जायचे.

"अहो, घरी बायकोशी बोलताना तरी सरळ बोलता ना?" चष्मेवाल्याने एकदा विचारलं.

"तिच्याशी बोलायची वेळच येत नाही. तीच बोलते."

त्या वर्षी जोड्यांची शर्यत ठरली आणि सुनेने सासऱ्याचं नाव परस्पर घालून टाकलं. मोठ्या हौसेने तिने नवा सदराही आणला, म्हणे पिवळाधमक. चष्मेवाल्याने तो हातात घेऊन "रंग छान आहे हं" म्हटलं. शर्यतीचा रस्ता वेगळा होता, नदीपलीकडून बंधाऱ्यावरून जाणारा. त्या रस्त्याने तो कधी गेला नव्हता. पण त्याने मनाशी म्हटलं, मला नसेल माहीत, ठिणगीला दिसतंय ना!

शर्यतीच्या सकाळी प्रत्येक कुत्र्याची तपासणी होती. जनावरांचा डॉक्टर तरुण होता, हसतमुख. त्याने ठिणगीची छाती ऐकली, पंजे दाबले, दात पाहिले, शाबासकी दिली. मग कापसाचा एक बोळा तिच्या नाकासमोरून खाली सोडला. पुन्हा सोडला. तिची नजर हलली नाही.

"काका, ही किती दिवस अशी आहे?"

"अशी म्हणजे?"

"हिला दिसत नाही."

चष्मेवाल्याचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला.

"काहीतरीच काय, डॉक्टर!" सून म्हणाली. "डोळे तर काचेसारखे स्वच्छ आहेत. आणि रोज वाऱ्यासारखी पळते!"

"डोळे वरून स्वच्छच राहतात. आतला पडदा गेलाय. वर्ष तरी होऊन गेलं असावं. कुत्री फार हुशारीने लपवतात हो. रोजचा रस्ता पाठ करतात, आणि बाकीचं मालकाच्या आवाजावर सोडून देतात. हे सांगतात डावीकडे, ही जाते डावीकडे."

चष्मेवाल्याने हात पुढे केला. ठिणगीने आपलं डोकं त्या हातात बरोबर आणून ठेवलं. वर्षभर तो तिच्या भरवशावर धावत होता आणि ती त्याच्या. दोघांपैकी एकालाही दिसत नव्हतं आणि दोघंही ऐटीत धावत होती. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर त्याने हीच मैदानावर तिखटमीठ लावून सांगितली असती.

"मग नको ना पळवायला?" सुनेने विचारलं.

"का नको? आंधळं कुत्रं चालत नाही असा काही नियम नाही. मागच्याला दिसलं म्हणजे झालं." डॉक्टर हसला. "आणि यांच्याइतकी नजर गावात आहे कुणाची?"

भोवतालचे सगळे हसले. चष्मेवालाही हसला, जरा जास्तच.

गुडघा दुखतोय म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण आज गुडघा दुखला की उद्यापासून सून म्हणणार, बिचारी आंधळी कुत्री, कशाला तिला दगदग? मग पट्टा खुंटीला, ठिणगी कोपऱ्यात आणि तो खुर्चीत. तेवढ्यात शेजारून बेकरीवाल्याची घंटा वाजली: "काय चष्मेवाले, आज टोस्टच्या शेपटीकडे बघत यायचं हं!"

ते ऐकून त्याला मार्ग सुचला. बेकरीवाला प्रत्येक वळणावर ओरडणारच. त्याच्या मागे राहायचं, तो काय ओरडतो ते ऐकायचं आणि नेमकं उलटं ठिणगीला सांगायचं. हिशेब सोपा होता.

शिट्टी झाली. ठिणगीने दोरी ताणली आणि त्याचे पाय आपोआप निघाले. पुढे बेकरीवाल्याचे बूट धपाधप वाजत होते. "उजवीकडे, टोस्ट!" चष्मेवाला ओरडला, "डावीकडे, ठिणगी!" ती वळली, तो वळला. "डावीकडे, टोस्ट!" "उजवीकडे, ठिणगी!" जमलं. पुन्हा जमलं. आता त्याला दोरीतून नवीनच काही कळत होतं. ठिणगी प्रत्येक हाकेआधी किंचित सैल होत होती, कान मागे टाकून वाट बघत होती. आजवर तो याला तिची लय समजत आला होता. ती लय नव्हती. ती दरवेळी त्याला विचारत होती.

बंधाऱ्यावर चढले तेव्हा वारा लागला आणि दोन्हीकडून पाण्याचा आवाज येऊ लागला. चष्मेवाल्याला बंधारा म्हणजे समोरचा एक करडा पट्टा, एवढंच दिसत होतं. तो जोरात होता. गेल्या वर्षभरात इतकं मोकळं त्याला वाटलं नव्हतं. छाती भरून आली होती, पाय हलके झाले होते, आणि खरं सांगायचं तर आपल्या युक्तीचा त्याला अभिमानही वाटत होता.

पुढे बंधाऱ्याचा उजवा काठ खचलेला होता. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात लाल झेंडा होता. तो तोंडाने काही न बोलता नुसता झेंडा हलवत होता. बेकरीवाला टोस्टला आवरून अंग चोरून पुढे गेला आणि मागे वळून पाहतो तो चष्मेवाला सरळ उजव्या काठाने येतोय. त्याने जीव खाऊन हाक मारली.

"डावीकडे! डावीकडे!"

ही हाक टोस्टसाठी नव्हती. माणसाने माणसाला मारलेली ती सरळ हाक होती. पण चष्मेवाल्याचं डोकं सकाळपासून उलटं चालत होतं.

"उजवीकडे, ठिणगी!"

दोरी किंचित सैल झाली. ती क्षणभर थांबली होती. तिला पायाखालून काही कळलं असेल, पाण्याचा वास जवळ आला असेल. त्याने पुन्हा सांगितलं, जरा चिडूनच, "उजवीकडे!" आणि ती गेली.

दोरीचा हिसका बसून तो गुडघ्यांवर आपटला आणि काठापर्यंत फरपटत गेला. दोरी ताणलेली होती. पण रोजच्यासारखी ओढत नव्हती, नुसतीच जड होती. ताणाची दोरी ती. तिने ठिणगीला खालच्या काँक्रीटपर्यंत जाऊ दिलं होतं आणि मग अर्धवट वर आणलं होतं. झेंडेवाला आणि बेकरीवाला या दोघांनी मिळून तिला वर ओढलं. चष्मेवाल्याने चाचपडत तिचं डोकं शोधलं. "ठिणगी," तो म्हणाला. तिचे कान मागे गेले. पुढची हाक ऐकण्यासाठी. डॉक्टर धावत येईपर्यंत ते तसेच होते, मग सैल पडले आणि पुन्हा हलले नाहीत.

त्यानंतर सगळं गाव त्याच्याशी फार चांगलं वागलं. आंधळ्या कुत्रीची काळजी घेणारा माणूस म्हणून त्याचं कौतुक झालं. "त्यांनी किती सांभाळलं असेल तिला," दुकानात बायका म्हणायच्या आणि नव्या फ्रेमा बघायच्या. सगळा दोष डॉक्टरवर गेला. आंधळं जनावर बंधाऱ्यावर सोडायला परवानगी दिलीच कशी? शर्यतवाल्यांनी त्याला पुन्हा बोलावणार नाही म्हणून सांगितलं. लोक आपली मांजरंही दुसरीकडे नेऊ लागले. बेकरीवाला एक दिवस येऊन बाकावर बसला आणि पोट हलवत रडला.

"मी ओरडत होतो हो! डावीकडे, डावीकडे! तुम्हाला ऐकूच गेलं नाही."

"वारा होता," चष्मेवाला म्हणाला.

पट्टा खुंटीला गेला. सकाळी उठून तो तयार व्हायचा आणि मग कुठे जायचं ते न सुचून खिडकीजवळ बसायचा. त्या खुर्चीत बसायला कुणी सांगितलं नव्हतं. झाकली मूठ शाबूत होती. आत काही उरलं नव्हतं, एवढंच.

एका संध्याकाळी जनावरांचा डॉक्टर आला. सुनेने नाखुशीनेच दार उघडलं. तो थकला होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"काका, माझ्याकडून झालेलं भरून निघणार नाही. पण हे..." त्याने चष्मेवाल्याच्या मांडीवर काहीतरी ऊबदार ठेवलं. ते वळवळलं आणि त्याचा अंगठा चावू लागलं. "चांगलं पळणारं निघेल. डोळे मी स्वतः तपासलेत."

"अय्या, बघा तरी कसं टुकुटुकु बघतंय तुमच्याकडे!" सून विरघळली.

चष्मेवाल्याने पिल्लाचे कान चाचपले. अजून त्यांना काही ऐकायची सवय लागली नव्हती. वर्षभरात लागली असती. त्याने डावीकडे म्हटलं की ते डावीकडे जाणार होतं, आणि उजवीकडे म्हटलं की उजवीकडे.

"डॉक्टर, याला घेऊन जा."

"काका, माझ्यावर राग..."

"मला दिसत नाही."

"बाबा, आता पुरे झाली चेष्टा," सून म्हणाली. "परवाच तर तुम्ही पाटीवरची शेवटची ओळ वाचून दाखवलीत त्या मास्तरांना."

"पाठ आहे. पाटी काढून कॅलेंडर लावलंस तरी तीच वाचून दाखवीन."

पिल्लू अंगठा चावतच होतं.

"केव्हापासून?" डॉक्टरने विचारलं. आवाज एकदम थंड होता.

"तिच्यासारखंच. वर्षभर तरी."

"म्हणजे त्या दिवशी मी म्हणालो, मागच्याला दिसलं म्हणजे झालं..."

"तेव्हा मी हसलो. सगळ्यांपेक्षा जास्त हसलो." चष्मेवाल्याने अंगठा सोडवून घेतला. "बेकरीवाल्याची हाकही ऐकली होती. मीच उलटी फिरवली. उद्या मैदानावर येऊन सांगतो सगळ्यांना."

"कसे येणार?" डॉक्टर म्हणाला. त्याने पिल्लू उचललं. चष्मेवाल्याची मांडी गार पडली. दार लागलं, तेही आपटून नव्हे, आणि हेच जास्त लागलं.

सून आत गेली. मग स्वयंपाकघरात भांडी वाजली. ती परत आली, स्टुलावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. चष्मेवाला वाट पाहत होता की आता ही ओरडून बोलेल.

"चहा ठेवलाय," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. थांबली. "डावीकडे, बाबा."

तिची डावी की आपली, असा प्रश्न त्याच्या मनात आला. समोर उभं राहून शिकवणाऱ्यांचा काय भरवसा? पण विचारण्याचा हक्क आपल्याला उरला आहे असं त्याला वाटलं नाही. त्याने हात डावीकडे नेला.

कप तिथेच होता.