चपट्या तोंडाची वायर

फौजदारबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. पण त्यांच्या हातून चूक निसटली असं कुणी म्हणालं असतं, तर छापखान्यातल्या लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. छापायला जाणारं प्रत्येक पान आधी त्यांच्या बोटांखालून जायचं. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला वायरीने जोडलेली हातभर लांब ब्रेलची पट्टी, आणि पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर बारीक ठिपक्यांनी वर उठायची. वाचून झाली की ठिपके खाली बसायचे आणि पुढची ओळ उठायची. डोळ्यांनी वाचणारा माणूस अर्धी ओळ न चावताच गिळतो. बोटांना तशी सोय नाही. चुका धरून धरून आत टाकतात म्हणून बाईंना नाव पडलं फौजदार, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

अन् असल्या बाईंना नवे साहेब म्हणाले, फोनवर बसा!

त्याचं झालं असं. नव्या साहेबांना टापटिपीचा भारी सोस. येऊन खुर्ची गरम व्हायच्या आत त्यांनी जुने कॉम्प्युटर काढून भंगारात दिले आणि सगळ्यांच्या टेबलावर एकसारखे पातळ लॅपटॉप मांडले. पाहुणा जिन्यावरून वर आला की एका ओळीत सगळे कसे झकास दिसले पाहिजेत! लोकांना खुर्च्यांच्या कापडाचा रंगसुद्धा विचारला. बाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांना काय रंग विचारायचा, असं वाटलं असेल.

बाईंनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. डाव्या अंगाला दोन बारकी तोंडं, दोन्ही टोकांना गोल, गुळगुळीत. टाइप-सी. उजवं अंग कोरं. आणि पट्टीच्या वायरीचं टोक होतं जुन्या तऱ्हेचं, रुंद, चपटं, काटकोनी. टाइप-ए.

"हे मी कुठे खुपसू?" बाईंनी विचारलं.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला सगळे तारवाला म्हणायचे. माणूस गरीब स्वभावाचा, साहेबांसमोर तर मुका. त्याने एक अडॅप्टर आणून दिला. एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला सी. बाईंनी तो लावला. पट्टी ढिम्म. मग कळलं, ती दोन तोंडं हाताला जुळी लागली तरी त्यांतलं एक नुसतं चार्जिंगचं, अक्षर आत घेत नाही की बाहेर सोडत नाही. डोळसांनाही फरक दिसत नव्हताच. तारवाल्याने बरोबरच्या तोंडाशेजारी मेणाचा थेंब चिकटवून दिला, तेवढं तरी बरं केलं.

पण अडॅप्टर तो अडॅप्टर. बोटाएवढा तुकडा कडेला लोंबकळणार, त्यावर पट्टीच्या जाड वायरीचं ओझं. कोपर लागलं, टेबल हललं, खाली यंत्र सुरू झालं, की ठिपके एकदम खाली. वाक्याच्या मध्यात पट्टी सपाट! हातातलं पुस्तक कुणी हिसकावून न्यावं तसं बाईंना व्हायचं. परत जोडा, परत ओळ शोधा, तोवर पुन्हा तेच. अशाच एका खेपेला त्या एक ओळ सोडून खाली उतरल्या आणि गणिताच्या पुस्तकातलं एक उत्तर चुकीचं छापून बाहेर गेलं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मऊ.

"बाई, आता दगदग होते तुम्हाला. काउंटरवरचे मामा निवृत्त होतायत. सोमवारपासून तुम्ही तिथे बसा. आरामात फोन घ्यायचे. मान तोच राहील."

"मला मान नको, पोर्ट हवं," बाई म्हणाल्या. "माझी वायर घट्ट बसेल असं एक तोंड द्या. मग चूक सुटली तर बोला."

"अडॅप्टर दिलाय ना."

"तुमच्या चष्म्याची काडी मोडते आणि तिथे दोरा बांधून देते. चालेल?"

साहेबांना ते झोंबलं. "सोमवारपासून काउंटर," एवढंच म्हणाले.

घरी थोरल्या बहिणीने, ताईने, सगळं ऐकून घेतलं आणि ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "काय बिघडलं गं फोन घेतलेस तर? बसून तर काम. कशाला नसती डोकेफोड?"

"ताई, लहानपणी मला गोष्टी कोण वाचून दाखवायचं?"

"मीच की! घसा सुकायचा माझा."

"आणि कंटाळवाणी पानं गाळायचीस."

ताई चपापली. "तुला कसं कळलं?"

"मोठी झाले, हाताने वाचायला लागले, तेव्हा कळलं. अख्खा म्हातारा गाळला होतास एका गोष्टीतला! तेव्हापासून ठरवलं, माझं मी वाचीन. कुणाच्या घशावर आणि कुणाच्या मर्जीवर नाही. आता तो साहेब माझ्या पट्टीवरून मला उठवतोय आणि तू म्हणतेस काय बिघडलं?"

ताईला वाईट वाटलं. ती जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "तर मग भांड. रडून नको येऊस फक्त."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्टी पिशवीत घातली, वायर गळ्यात टाकली आणि भर कामाच्या वेळी मजल्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साहेब, माझं मशीन मी निवडणार. सामानाच्या खोलीत जे काही पडलंय त्यातून. चाललं तर मी माझ्या जागेवर. नाही चाललं तर सोमवारी मुकाट्याने फोन उचलीन, ब्र काढणार नाही."

साहेबांना यात काही तोटा दिसला नाही. "बघू या," म्हणाले, आणि तमाशा बघायला सगळा मजला त्यांच्यामागे खोलीच्या दाराशी जमला.

तारवाल्याने तीन मशीनं टेबलावर मांडून चालू केली. पहिला तोच पातळ लॅपटॉप. बाईंनी कडेवर बोट टेकवलं आणि बाजूला सारला. "गोल तोंडाचा. पुढचा."

दुसरा भंगारातून उरलेला एक जुना कॉम्प्युटर. तोंडं होती टाइप-एचीच, पण वर्षानुवर्षं पिन घालून-काढून सैल झालेली. वायर लावून सोडली तर आपल्या वजनानेच गळून पडली. "याचे दात पडलेत," बाई म्हणाल्या.

तिसरा लॅपटॉप नवाच होता, पण जाडजूड. दुकानदाराने चुकून पाठवलेला आणि ओळीत शोभत नाही म्हणून परत जायचा होता. बाईंनी त्याच्या कडेला हात लावला आणि त्यांचा चेहरा फुलला. रुंद, चपटी तोंडं लागली. सीचंही एक होतं. जे हवं ते सगळं एका अंगावर!

"हा," त्या म्हणाल्या. "हा माझा."

इथवर कसं छान चाललं होतं. पण मागे कुणीतरी हसलं, कुणी कुजबुजलं, आणि बाईंचं डोकं तापलं. रागात माणूस बोट नीट फिरवत नाही, नुसतं टेकवतो. त्यांनी ऐटीत पिन उचलली आणि तोंडात घातली. गेली. पट्टीवर बोटं ठेवली. सपाट. वाट पाहिली. सपाटच.

"हे मशीन मेलेलं आहे!" बाई गरजल्या. "दुकानदाराने सडका माल पाठवलाय!"

तारवाला खाकरला. त्याला सांगवत नव्हतं. "बाई... ते इंटरनेटच्या वायरीचं तोंड आहे. यूएसबी त्याच्या शेजारी."

हशा पिकला. आणि साहेब, जणू याचीच वाट पाहत होते, हलकेच म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच म्हणत होतो. नका त्रास करून घेऊ. चला, मामा तुम्हाला फोन दाखवतील."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इतकी वर्षं बोटांच्या जोरावर मिरवलं आणि बोटांनीच चारचौघांत तोंडघशी पाडलं! क्षणभर वाटलं, पट्टी उचलावी आणि तडक घर गाठावं. पण घरी ताई होती, आणि तिला रडकं तोंड चालणार नव्हतं.

"चुकले," बाई म्हणाल्या. मोठ्याने, दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "साफ चुकले. हसा, हसून घ्या. पण एक सांगते. चुकणाऱ्याने घरी बसायचं असेल, तर हा मजला आज रिकामा झाला पाहिजे. तुम्ही सगळे रोज चुकता. शहाणे चुकतात, लेखक चुकतात, साहेबांच्या सहीच्या पत्रातसुद्धा चुका असतात. म्हणून तर मी इथे आहे! तुम्ही चुकलात की मी दुरुस्त करते, तुम्हाला कुठे फोनवर पाठवत नाही."

हसू जागच्या जागी थांबलं.

बाईंनी पिन बाहेर ओढली. आता मात्र बोट सावकाश फिरवलं. हे तोंड जरासं उंच, एका कडेला इंटरनेटच्या वायरीच्या चापासाठी खाच. हेच ते फसवं. त्याच्या शेजारचं ठेंगणं, आत आडवी पट्टी. पिन लावली, अडली. उलटी केली. खट् करून बसली, इतकी घट्ट की त्यांनी वायर धरून अख्खा लॅपटॉप टेबलावर थोडा ओढून दाखवला.

त्यांच्या बोटांखाली ठिपके उठले.

बाईंना भरून आलं. डोळे वाहिले, त्यांनी पुसले नाहीत.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "चालतंय तर ठेवा. पण मागच्या कोपऱ्यात बसा. पुढच्या ओळीत हे फार वेगळं दिसेल."

"मला नाही दिसत," बाई म्हणाल्या. "माझ्या जागी खिडकीतून पाठीवर ऊन येतं. मी तिथेच बसणार."

तारवाल्याने साहेबांकडे पाहिलंच नाही. त्याने जाड लॅपटॉप उचलला आणि पुढच्या ओळीत, बरोबर मध्ये, बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाई मागोमाग गेल्या, खुर्चीत बसल्या, पट्टी जोडली आणि त्या गणिताच्या पुस्तकाचं पहिलं पान मागितलं.

साहेब अजून टेबलाशी उभे होते. "मग काउंटरवर मी कुणाला बसवू?"

"ज्याला वाचायचं नसेल त्याला," बाई म्हणाल्या. "मला वाचायचंय."